कोच गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

इंग्लंडमधल्या कुठल्या तरी फुटबॉल क्लबचा मॅनेजर जातो आणि अंबाजोगाईत कॉलेजची पोरं दोन दिवस सुतकात बसतात. घरच्यांना वाटतं, परीक्षेचा निकाल लागला असावा. ज्याला कधी प्रत्यक्ष पाहिलं नाही, ज्याच्या गावाला जायला व्हिसा लागतो, त्याच्या नोकरीवरून इकडे चुलतभावांचं बोलणं बंद होतं. हसण्यासारखं आहे, पण हसू नये. भारताच्या क्रिकेट संघाचा कप्तान बदलतो तेव्हा आपण मोठी माणसं काही वेगळं करत नाही.

माझा आक्षेप दुःखाला नाही, त्याच्यासोबत येणाऱ्या ठाम विधानांना आहे. बातमी आल्यापासून तासाभरात निकाल तयार असतो. एका गटाच्या मते क्लब बुडाला, दुसऱ्याच्या मते सुंठीवाचून खोकला गेला. कुणाला तो गद्दार वाटतो, कुणाला राजकारणाचा बळी. यातली बरीच विधानं तपासून पाहता येतात, आणि त्यासाठी मँचेस्टरपर्यंत जावं लागत नाही. गोवा, मुंबई, पुणे आणि आपलं जुनं हैदराबाद एवढं पुरतं.

गैरसमज: कोच गेला की संघ कोसळतो

३१ जानेवारी २०२०. इंडियन सुपर लीगची साखळी फेरी संपायला तीन सामने उरले होते, एफसी गोवा गुणतक्त्याच्या शेंड्याला होता आणि त्याच वेळी क्लबने सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश कोचला निरोप दिला. गोव्याचे चाहते चक्रावले. अडीच मोसम या माणसाने त्यांना छोट्या छोट्या पासांचा, सतत पुढे सरकणारा खेळ दाखवला होता. पहिला क्रमांक असताना कोचला काढणं म्हणजे चालत्या गाडीची खीळ काढणं, असं वाटणं अगदी साहजिक होतं.

वस्तुस्थिती काय झाली? संघाची सूत्रं तात्पुरती क्लिफर्ड मिरांडा या गोव्याच्याच माजी खेळाडूकडे आली. हैदराबादला ४-१, मुंबई सिटीला ५-२, जमशेदपूरला ५-०. तीन सामने, तीन विजय, चौदा गोल. गोवा साखळीत पहिला आला आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत थेट पोहोचणारा पहिला भारतीय क्लब ठरला. कोसळणं राहिलं बाजूला.

म्हणजे चाहते चुकले? इथे घाई करू नये. उपांत्य फेरीत गोवा चेन्नईत १-४ हरला, मडगावच्या फातोर्ड्याला ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर गेला. आणि खरा हिशोब तर पुढच्या मोसमात झाला. लोबेरा मुंबई सिटीला गेला आणि त्याच्या मागोमाग अहमद जाहू, मुर्तदा फाल, ह्युगो बुमू आणि गोव्याचा कर्णधार राहिलेला मंदार राव देसाईही मुंबईला गेले. कोरोनामुळे २०२०-२१ चा अख्खा मोसम गोव्यातच रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. मुंबईने साखळीतलं पहिलं स्थान पटकावलं, उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर गोव्यालाच हरवलं आणि १३ मार्च २०२१ रोजी मोहन बागानला २-१ ने नमवून करंडक उचलला. कुठे? फातोर्ड्याला. गोव्याच्या चाहत्याला आपला जुना कोच आपल्याच मैदानावर, दुसऱ्याच्या रंगात, टीव्हीवर पाहावा लागला. याहून वाईट सूड कुणाला सुचणार नाही.

तेव्हा गैरसमज नेमका कशात आहे, तर मुदतीत. कोच गेल्यावर पुढच्या तीन सामन्यांत सहसा काही घडत नाही. खेळाडू तेच, सराव तोच, अंगात भिनलेली सवय तीच. फरक पडतो तो सहा-आठ महिन्यांनी, जेव्हा त्याच्या ओढीने आलेले खेळाडू त्याच्याच ओढीने निघून जातात. चाहते पहिल्या आठवड्यात गळा काढतात आणि खेळाडूंच्या बदल्यांचा मोसम येईपर्यंत विसरून जातात. रडायचंच असेल तर ते उन्हाळ्यात रडावं.

गैरसमज: नवा कोच आला की संघ सुधारतो

हा पहिल्याचा जुळा भाऊ. नवा गडी, नवं राज्य. संघ पाच सामने हरतो, कोचला काढतात, नवा येतो, संघ दोन सामने जिंकतो. पुरावा आणखी काय हवा?

अंबाजोगाई हे मेडिकल कॉलेजचं गाव आहे, त्यामुळे यातली मेख इथे लवकर कळायला हवी. ताप उतरायच्या सुमारास ज्याची गोळी घेतली त्या डॉक्टरचं नाव होतं. गोळीने ताप उतरला की तो उतरणारच होता, हे ठरवायचं तर गोळी न घेतलेले तसेच रुग्णही पाहावे लागतात. नेदरलँड्सचे अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी नेमकं हेच केलं. १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगमधले कोचबदल त्यांनी तपासले. कोच बदललेले संघ नंतर सावरले, हे खरं निघालं. पण तितकीच घसरगुंडी झालेली असताना ज्यांनी कोच बदलला नाही, तेही सावरले, आणि कोच बदललेल्यांपेक्षा कमी नाहीत. कोचला काढतात तेव्हा संघ तळाला असतो. तळातून जायची वाट वरच असते, आणि तिचं श्रेय नेमका त्या दिवशी खुर्चीत बसलेला घेऊन जातो.

आपल्या राष्ट्रीय संघाने हा प्रयोग अगदी अलीकडे करून दाखवला. मानोलो मार्केझ २०२४ च्या जुलैत भारताचा कोच झाला आणि त्याच वेळी एफसी गोवाचाही कोच राहिला. भारतासाठी आठ सामन्यांत एक विजय. गोव्यासाठी ३ मे २०२५ रोजी सुपर कप, अंतिम सामन्यात जमशेदपूरवर ३-० ने. एकच माणूस, एकच वर्ष. एका बाकावर नालायक, दुसऱ्या बाकावर विजेता. हरलेल्या जमशेदपूरचा कोच होता खालिद जमील. तीन महिन्यांनी मार्केझ राष्ट्रीय संघापासून वेगळा झालेला होता आणि भारताची सूत्रं त्याच खालिद जमीलकडे आली.

मग नव्याचे नऊ दिवस सुरू झाले. ऑगस्टअखेर ताजिकिस्तानला त्यांच्याच देशात २-१ ने हरवलं, ओमानला पेनल्टींवर हरवून मध्य आशियाई स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. ‘परदेशी कोच कशाला हवेत’ हे पालुपद देशभर सुरू झालं. १४ ऑक्टोबरला फातोर्ड्याला सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशिया चषकाचं दार बंद झालं. मार्केझवर फोडलेलं खापर आता कुणावर फोडायचं, असा प्रश्न उरला. जमील कमी प्रतीचा कोच आहे असं मी म्हणत नाही. त्याच्याबद्दल शेवटी बोलायचंच आहे. गोल करणारा खेळाडू कोचच्या नेमणूकपत्रासोबत येत नाही, एवढंच.

गैरसमज: अर्ध्यावर सोडून गेला, म्हणजे गद्दार

मुंबई सिटीच्या चाहत्यांना डेस बकिंगहॅम आवडायचा. २०२१ च्या ऑक्टोबरात लोबेराच्या जागी आला तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि पहिल्या मोसमात संघ पाचवा आला, तेव्हा आवडत नव्हता, हेही नोंदवून ठेवू. पण त्याच मोसमाअखेर, ११ एप्रिल २०२२ रोजी, मुंबईने रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिलावहिला विजय. विजयी गोल राहुल भेकेचा. पुढच्या मोसमात सलग अठरा सामने अपराजित आणि साखळीत पहिला क्रमांक.

६ नोव्हेंबर २०२३ रोजी सौदीचा अल हिलाल नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर येऊन खेळून गेला. त्यानंतर दहा दिवसांत बातमी आली: बकिंगहॅम चालला, मोसमाच्या ऐन मध्यावर, ऑक्सफर्ड युनायटेडला.

गद्दार, पैशाचा लोभी, मोठा क्लब मिळाला की निघाला. नेहमीची आरोपपत्रं निघाली. वस्तुस्थिती अशी की ऑक्सफर्ड युनायटेड तेव्हा इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. बकिंगहॅमचा जन्म ऑक्सफर्डचा आणि पोरवयात कोचिंगचे पहिले धडे त्याने याच क्लबात गिरवले होते. बीडचा माणूस पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला तर आपण त्याचा सत्कार करतो, वर्तमानपत्रात फोटो छापतो. इंग्रज माणसाने तेच केलं की तो गद्दार.

पुढचं अधिक गमतीचं. डिसेंबरात मुंबईने पेत्र क्राट्की या चेक कोचला आणलं. ४ मे २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात, मुंबईने ३-१ ने करंडक जिंकला. चौदा दिवसांनी वेम्ब्लीवर बकिंगहॅमच्या ऑक्सफर्डने बोल्टनला २-० हरवून वरची श्रेणी गाठली. घटस्फोटानंतर दोघांचंही भलं झालं, अशी उदाहरणं फुटबॉलमध्ये विरळा. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ऑक्सफर्डने, त्याच्या स्वतःच्या गावाने, त्याला काढून टाकलं. वेम्ब्लीला सात महिनेही झाले नव्हते.

निष्ठेची मागणी एकतर्फी असते, हे चाहते सोयीने विसरतात. हुआन फेर्रांडो २०२१ च्या डिसेंबरात, करारातल्या कलमाचे पैसे भरून, गोवा सोडून मोहन बागानला गेला तेव्हा गोव्याने जाहीर नाराजी व्यक्त केली. नाराजी समजण्यासारखी आहे, पण याच क्लबने दोन वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकावरच्या कोचला घरी पाठवलं होतं. फेर्रांडोने बागानला लीगचा करंडक जिंकून दिला. २०२४ च्या जानेवारीत बागाननेही त्याला काढलं.

गैरसमज: हाकलला की प्रश्न मिटला

मिटत नाही, बिल येतं. मार्केझच्या आधीचा भारताचा कोच इगोर स्टिमाच याचा करार जून २०२६ पर्यंत होता. १७ जून २०२४ रोजी भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला काढलं आणि नंतर तडजोडीत चार लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. रुपयांत तीन कोटींच्या वर. जिल्ह्याजिल्ह्यांत मैदानांवर गवत नाही, त्या देशात न खेळवलेल्या सामन्यांसाठी हे पैसे गेले. काढा म्हणून ओरडणाऱ्यांत मीही होतो असं नाही, पण ओरडणाऱ्यांपैकी कुणी करार किती वर्षांचा आहे हे विचारल्याचं आठवत नाही.

गैरसमज: फर्ग्युसनला वेळ दिला, तसा सगळ्यांना द्यावा

मँचेस्टर युनायटेडचा चाहता या मुद्द्यावर भावुक होतो. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये आला, पहिला करंडक १९९० मध्ये, लीग थेट १९९३ मध्ये. खरं आहे. पण धीर धरल्यामुळे तो फर्ग्युसन झाला, हा निष्कर्ष उलटा आहे. धीर धरूनही ज्यांचं काही झालं नाही, त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. त्याच्याच पसंतीचा डेव्हिड मॉइज सहा वर्षांच्या करारावर आला आणि दहा महिन्यांत गेला. उलट यर्गन क्लॉप लिव्हरपूल सोडणार हे जानेवारी २०२४ मध्ये कळलं तेव्हा जगबुडीची भाषा झाली आणि अर्ने स्लॉटने पहिल्याच मोसमात लीग जिंकली. क्लॉपने मागे उभा संघ ठेवला होता, युनायटेडचा थकलेला होता. यापलीकडे त्यात गूढ नाही.

गैरसमज: रहीमसाहेब गेले आणि भारतीय फुटबॉल संपला

हा गैरसमज सगळ्यांत आदरणीय आहे. शिवाय तो आपल्या घरचा आहे, म्हणून जरा थांबून बोलू.

अंबाजोगाई तेव्हा कागदोपत्री मोमिनाबाद होती आणि हैदराबाद राज्यात होती. त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शिक्षक हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाला फुटबॉल शिकवत. कसा शिकवत, ते निकालावरून दिसतं: १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं या पोलिसांनी मुंबईला जाऊन रोव्हर्स कप जिंकला. त्या काळात मुंबई-कोलकात्याच्या बड्या क्लबांना एखाद्या संस्थानी शहराच्या पोलिसांनी असं लोळवणं ही किरकोळ गोष्ट नव्हती. रहीम भारताचेही कोच झाले. १९५१ मध्ये दिल्लीला पहिल्या एशियाडचं सुवर्ण.

१ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरी गाठली. त्यातले तीन गोल मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाचे. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. म्हणजे आपल्या जुन्या राज्याचा कोच आणि नव्या राज्याचा सेंटर फॉरवर्ड. मराठवाड्याने या योगायोगावर कधीच हक्क सांगितला नाही याचं मला आश्चर्य वाटतं. आपण इतर किती तरी गोष्टींवर सांगतो.

१९६२ मध्ये जकार्ता. भारताविरुद्ध चिडलेल्या प्रेक्षकांपुढे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१ ने विजय, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे. रहीम तेव्हा आजारी होते. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्यांच्यानंतर भारताने एशियाडचं सुवर्ण पुन्हा जिंकलेलं नाही. अजय देवगणच्या ‘मैदान’ सिनेमामुळे ही गोष्ट २०२४ मध्ये नव्या पिढीलाही पोहोचली, आणि तिच्याबरोबर हा निष्कर्षही की एक माणूस गेला आणि सगळं संपलं.

पण त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९६४ मध्ये, भारत आशिया चषकात उपविजेता होता. दक्षिण कोरियाला आणि हाँगकाँगला हरवून. १९७० च्या बँकॉक एशियाडला ब्राँझ मिळालं, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात जपानला १-० ने हरवून. कप्तान सय्यद नईमुद्दीन, पुन्हा हैदराबादचाच. रहीमांनी घडवलेली, त्यांच्या शिस्तीत वाढलेली पिढी सात वर्षं पुरली. गोव्याच्या त्या तीन सामन्यांचंच हे मोठं रूप आहे. कोच जातो, त्याचं काम काही काळ चालत राहतं, आणि मग साठा संपतो.

साठा पुन्हा भरायची सोय मात्र नव्हती. साठच्या दशकातही आपले देशांतर्गत सामने सत्तर मिनिटांचे होत. बाहेर जग नव्वद मिनिटं धावत होतं. देशपातळीवरची पहिली लीग सुरू व्हायला १९९६ साल उजाडलं. जपानने आणि कोरियाने दरम्यान व्यावसायिक लीगा उभारल्या, शाळांमधून खेळाडू काढले. रहीम आणखी वीस वर्षं जगते तरी एकट्याने काय काय केलं असतं? त्यांना देवत्व दिलं की बाकीच्यांची जबाबदारी माफ होते. महासंघाच्या दृष्टीने तर हे फारच सोयीचं.

गैरसमज: कोच जाणं हा चाहत्यावरचा सगळ्यांत मोठा घाव

पुणेकरांना विचारा. एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ या पाच मोसमांत कोच बदलण्यात पटाईत होता. इटलीचा फ्रँको कोलोम्बा, इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, स्पेनचा अंतोनियो हबास, सर्बियाचा रांको पोपोविच. २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल तीन सामन्यांत गेला, मग प्रद्युम रेड्डी तात्पुरते, मग फिल ब्राऊन. बालेवाडीच्या चाहत्यांनी प्रत्येकाच्या येण्यावर टाळ्या वाजवल्या आणि जाण्यावर वाद घातले. पोपोविचच्या काळात संघ एकदाचा उपांत्य फेरीत गेला तेव्हा त्याला जाऊ देऊ नका म्हणून हळहळले. २०१९ मध्ये क्लबच बंद झाला.

त्याची लीगमधली जागा हैदराबाद एफसी या नव्या क्लबला मिळाली. आणि हैदराबादचा पहिला कोच कोण? फिल ब्राऊन. कोच टिकला, क्लब गेला. पुण्याच्या चाहत्याला आता कुणावर चिडायचं हेच कळेना. हैदराबादने पुढे २०२२ मध्ये मार्केझच्या हाताखाली करंडक जिंकला, आणि २०२५ मध्ये तोही संघ दिल्लीला गेला. अंबाजोगाईहून मुंबईपेक्षा जवळ पडणारं लीगचं मैदान गच्चीबावलीचं होतं, तेही गेलं. पुण्यात त्याआधी पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स असे आणखी तीन क्लब उगवून मावळले होते. त्यांच्या चाहत्यांनी कोचच्या नावाने कितीही घोषणा दिल्या असत्या तरी मालकाच्या ताळेबंदावर ओरखडा उठला नसता.

कोल्हापूरकडे मात्र वेगळं चित्र आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉलला शाहू स्टेडियमवर गर्दी उसळते आणि त्या गर्दीला कोचचं नाव माहीत असेलच असं नाही. तिची निष्ठा तालमीशी आणि पेठेशी आहे. कोच आला काय, गेला काय, पेठ कुठे जात नाही. अनिकेत जाधवसारखा २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळलेला खेळाडू याच शहरातून येतो.

खालिद जमीलची गोष्ट मी मागे राखून ठेवली होती. २००९ ते २०१६ तो मुंबई एफसीचा कोच होता. बेताचे पैसे, बेताचे खेळाडू, आणि दरवर्षी आय-लीगमध्ये कसंबसं तग धरून राहणं. मजेदार खेळ नाही, अशी तक्रार कायम. २०१६ मध्ये क्लबने त्याला सोडलं आणि तो मिझोरामच्या ऐजॉलला गेला. त्या मोसमात मुंबईने बाकावरचा माणूस मध्येच बदलूनही काही साधलं नाही. संघ तळाला राहिला आणि खालच्या श्रेणीत ढकलला गेला. त्याच मोसमात, ३० एप्रिल २०१७ रोजी, शिलाँगला १-१ बरोबरी करून ऐजॉलने आय-लीग जिंकली. वर्षापूर्वी खाली ढकलला गेलेला, केवळ गोव्याचे क्लब बाहेर पडल्याने परत घेतलेला संघ देशाचा विजेता झाला. खालिदला सोडू नका म्हणणारे कूपरेजवरचे मूठभर चाहते बरोबर होते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच सिद्ध होतं.

१ ऑगस्ट २०२५ ला तो भारताचा कोच झाला, तेव्हा ‘हा मूळचा आमचा’ म्हणून मिरवायला मुंबई एफसी नावाचा क्लब उरलेला नव्हता. खाली घसरल्यानंतर त्याने २०१७ मध्येच गाशा गुंडाळला होता.